चाकाखालची माती

'चाकोरी' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याचा मूळ अर्थ पुष्कळांच्या ध्यानातही राहिलेला नाही. चाकोरीतले आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार, असे व्याख्यानांतून ऐकू येते आणि श्रोते माना डोलावतात. पण पाणंदीच्या ओल्या मातीत बैलगाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या दोन समांतर घळी, त्यांच्या तळाशी घट्ट बसून गुळगुळीत झालेली माती आणि मध्ये उरलेला गवताचा उंचवटा, ही खरी चाकोरी. ती आज शहरातल्या माणसाला दिसत नाही; आणि दिसली तरी तिच्यातून आपली मोटार घालायची वेळ त्याच्यावर सहसा येत नाही.

आमच्या कुटुंबावर मात्र ती वेळ दर पावसाळ्यात येते. म्हणून या लेखात मी देवळे, डोंगर आणि सूर्यास्त यांच्याकडे थोडीशी पाठ फिरवून चाकाखाली काय आहे तेवढेच पाहणार आहे. प्रवासवर्णनाच्या नावाखाली टायरवर प्रवचन कसले, असे कोणी म्हणेल. पण महाराष्ट्राच्या निरनिराळ्या मातींची जेवढी ओळख एका टायरच्या निवडीने मला करून दिली, तेवढी रस्त्यांच्या नोकरीतल्या तीस वर्षांनीही करून दिली नव्हती.

त्याचे असे झाले. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, घर बार्शीच्या पुढे एका वस्तीवर आहे. डांबरी रस्ता सोडला की दीड किलोमीटर पाणंद. आक्काला शहात्तरावे वर्ष लागले आहे आणि दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पण मुलगा पुण्यात असूनही वस्ती सोडायला ती तयार नाही. "तुमच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन मी काय करू? खाली बघावं तर मोटारी, वर बघावं तर दुसऱ्याची फरशी," हे तिचे ठरलेले उत्तर. काही वर्षांपूर्वी हस्ताच्या पावसात रात्री तिच्या छातीत दुखू लागले. शेजारच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोत्यांवर बसवून, डोक्यावर ताडपत्री धरून, तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागले. दुखणे पित्ताचे निघाले, ही देवाची कृपा. पण त्या रात्रीचा दीड किलोमीटर माझ्या भाच्याच्या मनातून गेला नाही. त्याने चारही चाकांना जोर मिळणारी छोटी जिमनी गाडी घेतली ती तेव्हापासूनच्या या धसक्यामुळे.

सूनबाईचे माहेर हर्णैला. म्हणजे गाडीच्या एका टोकाला काळी माती, दुसऱ्या टोकाला तांबडी आणि तिच्याही पलीकडे वाळू. मध्ये पुणे आणि त्याचे डांबर. गाडीची पन्नास हजार किलोमीटर धाव झाली, टायर झिजले, आणि नवे घ्यायची वेळ आली तेव्हा भाच्याच्या मनात रुंद टायरांनी घर केले. त्याच्या एका मित्राने अगदी तशाच गाडीला ते बसवून घेतले होते. दिसायला ती गाडी मोठी झोकदार. जणू तालमीतला पोरगा छाती काढून उभा आहे! दुकानदारही म्हणाला, "साहेब, रुंद टायर म्हणजे जास्त पकड. चिखलबिखल काही बघायला नको."

"मामा, तुम्ही काय म्हणता?" भाच्याने विचारले.

मी म्हटले, "मी काहीच म्हणत नाही. नवरात्रात आपण आक्काकडे जाणार आहोत, कोजागिरीला हर्णैला. तुझ्या मित्राला बरोबर घे. दोन्ही गाड्या दोन्हीकडे नेऊ, आणि मग मातीच काय म्हणते ते ऐकू."

निघण्यापूर्वी थोडा आकड्यांचा हिशेब सांगणे भाग आहे. तो अवघड नाही. घरातल्या शाळकरी मुलालाही तो करता येईल. टायरच्या बाजूवर काही आकडे कोरलेले असतात. कारखान्याने या गाडीला दिलेला टायर १९५/८० आर १५ असा आहे. याचा अर्थ, टायरची रुंदी १९५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिलिमीटर. 'आर' म्हणजे आतल्या धाग्यांची रचना रेडियल पद्धतीची. आणि मधल्या लोखंडी चाकाचा व्यास १५ इंच. मित्राचे टायर २३५/७५ आर १५ होते. रुंदी चार सेंटिमीटरांनी अधिक, आणि एकंदर व्यास ६९३ ऐवजी सुमारे ७३३ मिलिमीटर. चाक जवळजवळ सहा टक्क्यांनी मोठे. त्यामुळे काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८५ च्या आसपास धावत असते, आणि चढावर इंजिनाचा जोर तेवढाच कमी पडतो.

जुन्या जीपगाड्या आठवतात का? दुसऱ्या महायुद्धातली विलिज जीप ६.००-१६ मापाच्या टायरांवर धावली, म्हणजे रुंदी अवघी सहा इंच, १५२ मिलिमीटर. आपल्याकडे १९४९ पासून मुंबईत जुळवल्या जाऊ लागलेल्या जीपही असल्याच किडकिडीत पायांच्या. १९८५ मध्ये आलेली जिप्सी, जी २०१९ पर्यंत आपल्या रस्त्यांवर येत राहिली, तीही फार रुंद पायांची नव्हती. जिमनीचे घराणे १९७० सालापासूनचे आणि जिप्सी ही तिचीच सख्खी बहीण. या सगळ्या गाड्या डोंगरदऱ्यांतून गेल्या त्या अरुंद टायरांवर. मग रुंदीचे हे वेड कशासाठी?

गंमत अशी की, टायर रुंद केला म्हणजे जमिनीला टेकणारी जागा वाढते, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. गाडीचे वजन, माणसे आणि सामान धरून, सोळाशे किलो समजा. एका चाकावर चारशे. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो दाबाची हवा आहे. पंपवाल्याच्या भाषेत साधारण अठ्ठावीस. आता चारशे किलो पेलायला दोनशे चौरस सेंटिमीटर जागा टेकली की पुरे. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून हिशेब ढोबळ आहे; पण मुद्दा खरा आहे. चारशे किलोचा भार बोटांसकट उघड्या पंजाहून थोड्याशाच मोठ्या ठशावर उभा असतो! टायर रुंद असो वा अरुंद, दाब तोच तर ठसा जवळजवळ तेवढाच. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंदाचा आखूड आणि आडवा. लांबट ठसा पुढची माती कमी ढकलतो; आडवा ठसा फळ्यासारखा माती पुढे लोटत जातो. उलट दाब निम्मा केला, तर ठसा दुप्पट होतो आणि तो बराचसा लांबीत वाढतो. म्हणजे खरी गुरुकिल्ली रुंदीपेक्षा हवेत आहे.

एवढी शिदोरी बांधून आम्ही घटस्थापनेच्या आदल्या दिवशी निघालो. पुणे-सोलापूर रस्ता सरळ, रुंद आणि वेगाला भुलवणारा. भिगवणच्या पुढे उजनीच्या पाण्यावर आभाळ उतरले आणि पाऊस असा कोसळू लागला की समोरच्या ट्रकचा लाल दिवाच तेवढा दिसत होता. रस्त्यावर पाण्याचा पातळ पडदा साचला. भाच्याची गाडी त्यातून चर्रचर्र आवाज करीत सरळ चालली होती. मागून येणारा मित्र मात्र इंदापूरला चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "दोनदा सुकाणू हातात हलकं झालं. गाडी जमिनीवर आहे की होडीत, कळेना!"

त्याचे कारण साधे आहे. टायरला आपल्या पुढचे पाणी खाचांतून बाहेर फेकावे लागते. रुंद टायरपुढे पाणी जास्त, आणि ते बाहेर फेकायला ठशाची लांबी कमी. वेग वाढला की पाणी फेकणे साधत नाही आणि टायर पाण्यावर चढून बसतो. मग ब्रेक आणि सुकाणू दोन्ही नावापुरते उरतात. कोरड्या डांबरावर वेगाने वळण घेताना रुंद टायर पकड देतो हे खरे आहे. शर्यतीच्या मोटारींना ते असतात ते त्यासाठीच. पण आपण बायकामुले घेऊन पावसात घरी जाणारी माणसे. आपली शर्यत कोणाशी?

टेंभुर्णीला मोठा रस्ता सोडला आणि कुर्डुवाडीवरून बार्शीकडे वळलो तशी दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरली. हा शाळूचा मुलूख. पाऊस वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर, तोही लहरी. पण ही माती पाणी पिऊन धरून ठेवते आणि त्या ओलीवर हिवाळ्यात ज्वारी उभी राहते. ओली झाली की ती फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला ती आई आहे. रस्ते बांधणाऱ्याला मात्र ती सासू आहे. तिच्यावर बांधलेला रस्ता पावसाळ्यात वर येतो, उन्हाळ्यात खाली बसतो आणि तिसऱ्या वर्षी तडकतो.

पाणंदीच्या तोंडाशी आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. मित्राला आपल्या टायरांचा भरवसा होता, म्हणून तो पुढे झाला. पहिली शंभर पावले त्याची गाडी खरोखरच छान गेली. चाके रुंद, ती चाकोरीत न शिरता तिच्या काठांवरून वरच्यावर चालली होती. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी गप्प राहिलो. पुढे बाभळीखाली खोलगट भाग लागला आणि तिथे काळ्या मातीने आपले खरे रूप दाखवले. ती टायरच्या खाचांत शिरली आणि बसली. टायर लिंपलेल्या चुलीसारखा गुळगुळीत झाला. मग मातीचे थरावर थर चढत टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा भरली. टायर मोठा, म्हणून ती जागा मुळातच कमी. बघता बघता चाक आपल्याच मातीत अडकून थांबले. इंजिन ओरडते आहे, चाक हलत नाही, असा प्रकार.

भाच्याची गाडी चाकोरीत उतरली. तिचे टायर घळीत नीट बसले, आणि गाड्यांनी वर्षानुवर्षे दाबलेल्या घट्ट तळाला टेकले. लो गिअरमध्ये, धक्का न देता, ती बाभळीचा खोलगट भाग पार करून गेली. पण पुढे ओढ्याच्या उतारावर तिनेही हात टेकले. तिथे चाकोरीच नव्हती. अलीकडेच ट्रॅक्टरने तळ उकरून टाकला होता आणि खाली कंबरभर काळी माती होती. अरुंद टायर तळ शोधत खाली जातो. तळ असेल तर तो सापडतो. नसेल तर गाडी पोटावर बसते. तशी ती बसली.

आवाज ऐकून वस्तीवरून गावातले एक म्हातारे सुतार आले. आता त्यांच्याकडे लाकडी गाड्यांचे काम उरलेले नाही. ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या आल्या आणि मग ट्रॅक्टर. पण चाकाचे शास्त्र त्यांच्या बोटांत होते. दोन्ही गाड्यांना फेरी घालून ते मित्राला म्हणाले, "चाक रुंद करून काय मिळतं पावनं? आमी चाक उंच करायचो. धाव बोटं दोन-तीन, पण चाक छातीएवढं. उंच चाक खड्ड्यात पडत न्हाई, चिखल उचलत न्हाई."

मला मोठे नवल वाटले. बेकर नावाच्या पोलिश शास्त्रज्ञाने जमीन आणि चाक यांच्या संबंधाचे एक शास्त्रच गेल्या शतकाच्या मध्याला उभे केले. १९७१ साली चंद्रावर माणसांनी जी गाडी चालवली तिच्या चाकांमागे त्याचा अभ्यास होता. मऊ जमिनीत तेवढ्याच क्षेत्रफळाचा ठसा रुंद असण्यापेक्षा लांब असला तर ओढ कमी लागते, असे त्याचे गणित सांगते. आणि चाक उंच केले की ठसा आपोआप लांबतो. आमच्या सुतारांनी ते गणित बलुत्याच्या हिशेबात केव्हाच सोडवले होते.

"आता काय करायचं?" भाच्याने विचारले.

"करायचं काय? जेवायचं, झोपायचं. उद्या दुपारी वाफसा यील, तवा गाड्या काढू."

वाफसा! शेतीच्या मराठीतला हा शब्द शहरातल्या प्रत्येक मोटारवाल्याने शिकावा असा आहे. जमीन ओली आहे पण चिकटत नाही, पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी ती मधली अवस्था. वाफसा येण्यापूर्वी शेतकरी पाभर शेतात घालत नाही. मग आपण सोळाशे किलोंची मोटार का घालावी? दुसऱ्या दिवशी दुपारी वारा आणि ऊन दोन्ही लागले आणि दोन्ही गाड्या, रुंद काय आणि अरुंद काय, मुकाट्याने वस्तीवर गेल्या. आक्काने घटाला नमस्कार केला आणि मित्राच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

त्या रात्री भाचा फार वेळ बाहेर बसला होता. मी काय विचार चालला आहे ते विचारले. तो म्हणाला, "मामा, दुखण्याला वाफसा कळत नाही." यावर माझ्याकडेही तेव्हा उत्तर नव्हते.

पंधरा दिवसांनी, कोजागिरीच्या आधी, आम्ही दुसऱ्या दिशेला निघालो. पौड, मुळशी, ताम्हिणी. पाऊस जाता जाता मागे वळून पाहत होता. मुळशीच्या खाचरांत भात पोटरीतून बाहेर पडून पिवळसर झाले होते आणि घाटात प्रत्येक वळणावर कड्यावरून पाण्याची एकेक दोरी लोंबत होती. माणगाव, मंडणगड करीत दापोलीकडे गेलो, तसा मातीचा रंग पालटला. हा जांभ्याचा प्रदेश. इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. बार्शीच्या पाचपट! पण ही माती पाणी धरून ठेवत नाही. सड्यावर जांभ्याचा कातळ आणि त्यावर तांबड्या मातीचा हात-दीड हात थर, कुठे नुसती चार बोटे. वरचा थर साबणासारखा निसरडा. खाली मात्र दगड.

हर्णैच्या अलीकडे सासुरवाडीच्या एका नातलगाची कलमांची बाग सड्याच्या उतारावर आहे. तिथे जायची वाट म्हणजे हाच तांबडा साबण. इथे निकाल स्वच्छ लागला. अरुंद टायर वरचा चिखल सुरीसारखा कापून खाली कातळाला भिडले आणि गाडी वर चढली. रुंद टायर वरच्या थरावरच राहिले आणि गाडी मागल्या बाजूने हळूहळू गडग्याकडे सरकू लागली. मित्र शहाणा, त्याने हट्ट केला नाही. तिथेच थांबून, उतरून, चालत आला.

असाच प्रकार बर्फाच्या देशांत आहे. स्वीडनमधल्या हिवाळी शर्यतींत मोटारींना खिळे जडवलेले, अगदी अरुंद टायर लावतात. ते वरचे भुसभुशीत बर्फ कापून खालच्या घट्ट बर्फाला धरतात. उलट आइसलँडमध्ये हिमनद्यांवर जाणाऱ्या गाड्यांना अवाढव्य रुंद टायर असतात आणि त्यांतली हवा दोन-तीन अंशांपर्यंत उतरवतात. कारण तिथे खाली तळ नाही, फक्त बर्फावर बर्फ आहे. एकच बर्फ, दोन उत्तरे. प्रश्न टायरचा नाहीच. खाली तळ आहे की नाही, आणि असला तर किती खोल, हा प्रश्न आहे.

राहता राहिली वाळू. सूनबाईचे माहेरघर समुद्रालगतच्या माडांच्या वाडीत आहे. तिथे शिरताना शेवटची दोनशे पावले वाट वाळूची. पाऊस असला तरी आतून सैल. रुंद टायरची ही हक्काची जागा, असे मित्राने आधीच जाहीर केले होते. तो शिरला आणि तीस पावलांवर चाके गरगर फिरून रुतली. मग आम्ही चारी टायरांची हवा अठ्ठावीसवरून पंधरावर आणली. गाडी जणू काही झालेच नाही अशी चालत गेली. भाच्यानेही हवा पंधरावर आणली. त्याची गाडीही तशीच गेली. अरुंद टायरने वाळू थोडी अधिक खोल दाबली, एवढाच फरक.

राल्फ बॅग्नॉल्ड नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी १९२० ते १९४० च्या दरम्यान लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घेऊन फिरत असे. मऊ वाळूत टायरमधली हवा कमी करण्याचे तंत्र त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी रूढ केले. वाळू वाऱ्याने कशी वाहते यावर १९४१ साली त्याने लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो. त्याच्या गाड्यांचे टायर आजच्या हिशेबाने किडकिडीतच होते. मात्र एक सावधगिरी हवी. हवा उतरवलेल्या टायरवर वेग घेऊ नये आणि वळण जोरात मारू नये. टायर लोखंडी चाकावरून निसटतो. डांबर लागताच हवा पुन्हा भरावी, नाहीतर टायर तापून फुटतो. म्हणून दाब मोजायची नळी आणि पंप गाडीत असलाच पाहिजे. ही दोन्ही वस्तू मिळून एका रुंद टायरच्या किमतीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहायला गेलो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, आणि होड्यांतून मासळी उतरवून आणायला बैलगाड्या सरळ पाण्यात शिरलेल्या. मित्राला गाडी पुळणीवर घालायचा मोह झाला. सूनबाईने त्याला तिथल्या तिथे अडवले. "भावोजी, वाट म्हणून वाळूतून गेलो ते वेगळं. पुळण ही काही वाट नाही. थंडीत इकडच्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात. वरून चाक गेलं की वाळूखालचं सगळं दाबलं जातं." वेळास, आंजर्ले या गावांनी कासवांच्या घरट्यांना कुंपणे घालून ती जपलेली आहेत. आपले टायर तिथे चालतात म्हणून ते चालवावेत, असे थोडेच आहे? मित्राने गाडीची किल्ली खिशात टाकली.

पुण्याला परतल्यावर भाच्याने कागद घेऊन जमाखर्च मांडला. रुंद टायर घ्यायचे तर नुसते टायर घेऊन भागत नाही. त्यांना साजेशी लोखंडी चाके हवीत, चाक पूर्ण वळवले की मडगार्डला घासू नये म्हणून गाडी थोडी उचलावी लागते, मागच्या दाराला टांगलेले पाचवे चाकही तेवढेच मोठे आणि जड हवे. पेट्रोल अधिक जाते. शिवाय नोंदणीपुस्तकातल्या वर्णनाशी जुळणार नाहीत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी नेमके तेवढेच बोट ठेवते. एवढे करून पदरात काय? डांबरावर पावसात धोका, तांबड्या मातीत घसरण, काळ्या मातीत पहिली शंभर पावले.

"म्हणजे कारखान्याचंच माप," तो म्हणाला. "खाचा जरा खोल आणि मोकळ्या असलेले घेऊ, म्हणजे माती अडकणार नाही."

"आणि उरलेले पैसे?"

तो हसला. "तेच तुम्हाला विचारायचं होतं. तुमची नोकरी रस्त्यांची. तिथला ओढ्याचा उतार बांधायला काय लागेल?"

या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याजवळ तयार होते. सगळी पाणंद बांधण्याची गरजच नव्हती. दीड किलोमीटरात बिघडलेली जागा दोनच. बाभळीखालचा खोलगट भाग आणि ओढ्याचा उतार, मिळून दोनशे फूट. तेवढ्यात काळी माती हातभर उकरून काढायची, खाली मोठा दगड हाताने रचायचा, त्यावर मुरूम टाकून पाणी मारून दाबायचा आणि दोन्ही बाजूंना पाणी जायला चर काढायचे. पाण्याला वाट दिली की मग ते आपल्या वाटेला येत नाही, हे रस्त्याचे पहिले सूत्र. ग्रामपंचायतीत विचारले, तहसीलातून मुरुमाचा रीतसर परवाना काढला. पाणंदीवरच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर दिले, दगड रचायला सुतारबाबांची दोन मुले आली. वाचलेल्या पैशांत जेवढे ब्रास मुरूम बसत होता त्यावर शेजाऱ्यांनी आपली भर घातली, आणि मार्गशीर्ष संपायच्या आत काम उरकले.

टायर निवडण्याबद्दल मला कोणी विचारले तर मी आता तीनच गोष्टी सांगतो. वर्षातले तीनशे दिवस गाडी जिथे चालते त्या जमिनीसाठी टायर घ्या. उरलेल्या दिवसांची सोय हवेच्या दाबाने करा. हलक्या गाडीला अरुंद, उंच आणि मोकळ्या खाचांचा टायर बरा. खाली तळ नसलेल्या वाळवंटातच किंवा दलदलीतच रोज जायचे असेल तर रुंदीचा विचार करा. आणि जिथे दोन्ही उपाय थकतात तिथे टायरकडे पाहणे सोडून जमिनीकडे पाहा.

यंदा आषाढात, पाच दिवसांच्या झडीत, आक्काला तपासणीसाठी बार्शीला न्यायचे होते. भाच्याची गाडी वस्तीच्या अंगणात उभी राहिली, आक्का पुढे बसली आणि पंधरा मिनिटांत डांबरी रस्त्याला लागली. मित्रही आपले जुने टायर पुन्हा बसवून घेऊन मागोमाग आला होता. दवाखान्यातून परत येताना ओढ्याच्या उतारावर आक्काने गाडी थांबवायला लावली. काच खाली करून तिने मुरुमाकडे पाहिले आणि म्हणाली, "चांगलं केलंत. आता दूधवाल्याची सायकलसुद्धा येते."